थंड पाणी, गढूळ पाणी आणि किनाऱ्यावरची लाट: स्कूबाबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचे, प्रश्न बरेच आहेत. पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांनी तारकर्लीला किंवा अंदमानात ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स केलेला आहे. तिथे पाणी कोमट, उडी होडीतून आणि शेजारी इन्स्ट्रक्टर. आता नोकरी-शिक्षणासाठी कॅलिफोर्निया, स्कॉटलंड, इंग्लंड अशा ठिकाणी जायचे आहे आणि तिथे सिलिंडर पाठीवर घेऊन किनाऱ्यावरून चालतच थंड, गढूळ पाण्यात शिरावे लागणार आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी कॅलिफोर्नियाला जातो आहे. मॉन्टेरेला किनाऱ्यावरून डाइव्ह करायची इच्छा आहे. माझ्याकडे ३ मिमीचा वेटसूट (आत थोडे पाणी शिरू देणारा रबरी सूट) आहे. आत एखादे जॅकेट घातले तर चालेल का? तारकर्लीला मला ४ किलो वजन पुरत होते, तिथे किती लागेल? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नाही चालणार. मॉन्टेरेचे पाणी वर्षभर साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस असते, आणि पाणी हवेच्या मानाने सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. तिथे किमान ७ मिमीचा सूट, ५ ते ७ मिमीचा हूड (डोके आणि कान झाकणारी टोपी), ५ मिमीचे हातमोजे आणि जाड बूट लागतात. अनेक जण ड्रायसूटच, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, वापरतात. पण त्याचे प्रशिक्षण वेगळे असते. सूटमधली हवा पायांकडे गेली की माणूस पाय वर, डोके खाली असा अडकतो आणि गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हावे लागते. हे शिकल्याशिवाय भाड्याचा ड्रायसूट चढवून पाण्यात जाऊ नका.

सूट विकत घेताना जाडीइतकेच मापाकडे बघा. कमरेमागे किंवा मानेशी पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीसरशी आतले तापलेले पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. असा ढगळ ७ मिमी सूट अंगाबरोबर बसणाऱ्या ५ मिमीपेक्षाही वाईट. दुकानात सूट घालून उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा आणि पाठीत फट पडते का हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

हूडच्या दोन गोष्टी. मास्कचा पट्टा हुडाच्या आतून घ्या, म्हणजे लाटेने मास्क खेचला तरी तो वाहून जात नाही. मास्कची रबरी कड मात्र सगळीकडून कातडीवरच टेकली पाहिजे, हुडाची किनार तिच्याखाली आली की मास्क गळत राहतो. दुसरी गोष्ट कानांची. हूड एका कानावर घट्ट आणि दुसऱ्यावर सैल असेल तर गार पाणी आधी एकाच कानात जाते आणि गरगरते. म्हणून तोंड पाण्यात घालण्याआधी हूड दोन्ही कानांपासून बोटाने किंचित दूर ओढून दोन्हीकडे पाणी भरू द्या.

आता वजन. ७ मिमीचा सूट आणि हूड घातल्यावर बहुतेकांना ८ ते १२ किलो लागते. नेमका आकडा पाण्यातच ठरतो. सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचे माप) हवा उरलेली असताना, बीसीडी (हवा भरून तरंगायचे जॅकेट) पूर्ण रिकामा करून, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही सावकाश खाली गेले पाहिजे. तपासणी भरलेल्या सिलिंडरवर करत असाल तर सुमारे २ किलो जास्त धरा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळपास २४०० लिटर हवा असते आणि तिचे वजन ३ किलोच्या आसपास भरते. ५० बारपर्यंत आलात की त्यातले २ किलोंहून अधिक संपलेले असते.

किनाऱ्यावरच्या डाइव्हमध्ये हे फार महत्त्वाचे आहे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या रबरातले, बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो, कमी तरंगवतो आणि कमी ऊबही देतो. परतताना तुम्ही ३-४ मीटरवर येता तेव्हा सूट पुन्हा फुगलेला असतो आणि सिलिंडर हलके झालेले असते. वजन कमी पडले तर नेमके इथे तुम्ही तळ सोडून वर येता आणि लाट तुम्हाला उचलते. वजन सगळे एकाच पट्ट्यावर नको. काही पट्ट्यावर, काही बीसीडीच्या खिशांत ठेवा, म्हणजे अडचणीत थोडेच टाकून देता येते आणि बाण सुटल्यासारखे वर जाणे टळते.

प्रश्न : लाटांतून आत कसे जायचे आणि बाहेर कसे यायचे? कोर्समध्ये होडीतून मागे कोलांटी मारायला शिकवली, हे कुणीच शिकवले नाही. (ऐरोली)

पाण्याला पाय लावण्याआधी किनाऱ्यावर १५-२० मिनिटे उभे राहून बघा. लाटा गटाने येतात: चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. ती उसंत किती वेळाची आहे ते घड्याळावर मोजा. दोन लाटांमधले अंतरही मोजा. ८ सेकंदांनी येणारी लाट आणि १५ सेकंदांनी येणारी लाट दिसायला सारख्या उंचीच्या असल्या तरी दुसरीत जोर कितीतरी जास्त असतो, आणि तिच्या गटांमधली शांतता इतकी लांब असते की समुद्र निवलाय असे वाटते. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, म्हणजे १ मीटरची लाट छातीच्या आसपासच्या पाण्यात फुटणार. कमरेएवढी लाट सतत फुटत असेल तर नवख्याने त्या दिवशी बूट ओले करू नयेत. किनाऱ्याचा उतारही बघा. मॉन्टेरेचा सॅन कार्लोस बीच धक्क्याच्या आडोशाला आहे, तिथे शिकता येते. कार्मेलजवळचा मोनॅस्टरी बीच मात्र जाड भरड वाळूचा आणि एकदम खोल जाणारा आहे. तिथे पायाखालची वाळू सरकते आणि लाट थेट अंगावर आपटते. पोहणारे आणि डाइव्हर तिथे बुडालेले आहेत. नवख्यांनी तिकडे फिरकू नये.

आत जाताना सगळी बांधाबांध कोरड्या वाळूवर पूर्ण करा. लोंबणारे काही नको: गेज (हवा आणि खोली दाखवणारे), टॉर्च, ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर) सगळे क्लिपला. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारे यंत्र) तोंडात, मास्क चढवलेला, एक हात मास्कवर. बीसीडीत तरंगता येईल इतकीच हवा ठेवा. टम्म फुगवला तर लाट तुम्हाला उचलून मागे फेकते. फिन (पायातली वल्ही) घालून, बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, हात धरून, पाय न उचलता वाळूवर घासत मागच्या मागे चाला आणि खांद्यावरून लाटेवर नजर ठेवा. लाट आली की तिच्याकडे अंगाची बाजू करा, गुडघे वाकवा, लाटेकडे झुका. पाणी कमरेच्या वर आले की वळून लगेच पोहायला लागा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाटा फुटतात त्या पट्ट्यात थांबणे: फिन नीट करायला, बडीला हाक मारायला, गेज बघायला. तो पट्टा एका दमात ओलांडायचा. पडलात तर उठायच्या भानगडीत पडू नका. पाठीवर १५-२० किलो असताना उभे राहीपर्यंत पुढची लाट येते. तसेच आडवे राहून आत पोहा.

बाहेर येणे जास्त अवघड, कारण तेव्हा तुम्ही दमलेले आणि गारठलेले असता. लाटा फुटतात त्याच्या बाहेर दोघांनी एकत्र थांबा, हवा तपासा. इथे ५० बार हाताशी हवेतच, रेग्युलेटर शेवटपर्यंत तोंडातच राहणार आहे. गटातली शेवटची मोठी लाट गेली की तिच्या पाठोपाठ निघा आणि मागे बघत राहा. हाताला वाळू लागली की उभे राहू नका, रांगत या. मागे ओढणारे पाणी आले तर बोटे वाळूत रोवून धरा, ते गेले की पुन्हा पुढे. पाणी पूर्ण मागे पडेल इतके वर आल्यावरच फिन काढा. रांगत येण्यात कमीपणा काही नाही, मॉन्टेरेचे जुने डाइव्हरही असेच येतात.

पोहूनही किनारा जवळ येत नसेल तर तुम्ही समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहात आहात. किनाऱ्याला समांतर ३०-४० मीटर सरका आणि मग किनाऱ्याकडे वळा.

प्रश्न : पाण्यात एक-दोन मीटरच दिसत असेल तर बडी हरवतो. काय करावे? कंपासचाही उपयोग नीट समजत नाही. (कोपरी, ठाणे)

एक मीटर दिसत असेल तर हाताच्या अंतराबाहेर जाऊच नका. दोघांच्या मनगटात सैल फास असलेली दीड मीटरची दोरी ठेवा, गाठ मारू नका, एका झटक्यात सुटली पाहिजे. हाताच्या दाबाच्या खुणा किनाऱ्यावरच ठरवा: एकदा दाबले म्हणजे ठीक आहे का, सारखे दाबले म्हणजे वर चल. टॉर्च अरुंद झोताचा घ्या आणि तो डोळ्यांपासून लांब, बाजूला धरा. डोळ्यांच्या रेषेत धरलात तर प्रकाश गाळाच्या कणांवरून परत येऊन पांढरा पडदा दिसतो. झोताने सावकाश गोल केले म्हणजे ठीक, भराभर आडवे हलवले म्हणजे संकट. फिन खालीवर मारू नका, बेडकासारखे बाजूला मारा, नाहीतर तळाचा गाळ तुम्हीच उठवता.

बडी दिसेनासा झाला तर जागेवर एकदा पूर्ण वळून टॉर्च फिरवा. एका मिनिटात नाही सापडला तर मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर या. दोघांनी हाच नियम पाळला तर दोघे वर भेटता. एकजण खाली शोधत राहिला की खरी अडचण सुरू होते.

कंपास किनाऱ्यावरच लावा. रेषा थेट समुद्राकडे रोखून आकडा वाचा. समजा ३४० आला, तर परतीचा आकडा १६०. १८० च्या वर असेल तर १८० वजा करा, खाली असेल तर मिळवा. कंपास आडवा, सपाट धरा. तो तिरका झाला की काटा अडकतो आणि तुम्ही चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवता. चुंबकाचे बटण असलेला टॉर्च त्याच्याजवळ नको. अंतरासाठी फिनचे फटके मोजा: ३० मीटर दोरी टाकून आपल्याला किती फटके लागतात ते एकदा मोजून ठेवा. उताराच्या किनाऱ्यावर खोलीचा आकडाही वाट दाखवतो. तो कमी होत असेल तर तुम्ही किनाऱ्याकडे चालला आहात.

गेज डोळ्याला लावूनही वाचता येत नसेल इतके पाणी गढूळ असेल, तर पाण्याखाली काम करणारे लोक एक साधी गोष्ट वापरतात: स्वच्छ पाण्याने भरलेली जाड पारदर्शक पिशवी. ती मास्क आणि गेजच्या मध्ये दाबली की मधले गढूळ पाणी बाजूला होते आणि आकडा दिसतो. हौशी डाइव्हरने मात्र इतकी वेळ आली की डाइव्ह तिथेच संपवावी. जाळ्यांच्या भागात सुरी एक नको, कापायची दोन साधने हवीत, कुठल्याही हाताने किमान एक गाठता येईल अशी. अडकलात तर गोल फिरू नका, आणखी गुंडाळले जाता. थांबा, मागे सरका, कापा.

प्रश्न : थंडीत हवा लवकर संपते म्हणतात. हिशेब कसा करावा? (कळवा)

पृष्ठभागावर मिनिटाला लागणारी हवा गुणिले दाब. थंडीत, लाटांत, जाड सूटमध्ये मिनिटाला २५ लिटर धरा. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून ५० लिटर. १२ लिटर, २०० बारच्या सिलिंडरमध्ये २४०० लिटर. त्याचे तीन भाग: ८०० लिटर जायला, ८०० यायला, ८०० राखीव. म्हणजे १६ मिनिटांनी वळायचे. तारकर्लीच्या मानाने हे फार कमी वाटेल, पण राखीव भागाला हात लावायची वेळ बाहेर पडताना येते.

प्रश्न : गढूळ पाण्याचा सराव ठाणे खाडीत किंवा उपवन तलावात का करू नये? मुलगा हट्ट धरून बसला आहे. (वाशी)

खाडीत अजिबात नको. तिथे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, कान, पोट आणि कातडीच्या संसर्गाची भीती खरी आहे. शिवाय जाळी, होड्या आणि भरती-ओहोटीचा जोरदार ओढा. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिथे मनाला येईल तसे उतरता येत नाही. अशा पाण्यात पोटासाठी उतरणारे लोक ड्रायसूट आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क वापरतात, आणि वर दोरी धरून माणूस बसलेला असतो. तलावांत तळाला गाळ, वनस्पती, तारा आणि काचा. परवानगीशिवाय तिथेही उतरू नये.

मुलाला पाणी वाचायला शिकवायचे असेल तर ते पुलावर उभे राहून करा. कोकणातला जुना हिशेब त्याला द्या: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो आणि प्रवाह सर्वांत जोरात असतो, अष्टमीच्या भांगाला कमी. डाइव्हसाठी पाणी थांबते ती वेळ हवी, म्हणजे पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या आसपासची. पण प्रत्यक्ष उतरताना छापील भरती-ओहोटीचे तक्ते वापरा. पंचांगावरून समुद्रात उतरू नये.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये रेग्युलेटर ‘गोठतो’ म्हणजे काय? माझा इथे नीट चालतो. (नेरूळ)

सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एकदम १० बारच्या आसपास येते आणि फार गार होते. डिओच्या डब्याचे बटण दाबून धरले की डबा गार पडतो, तसेच. आजूबाजूचे पाणी कोमट असेल तर ते रेग्युलेटरला ऊब देत राहते. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर आत किंवा बाहेर बर्फ जमतो, झडप उघडी राहते आणि हवा अखंड सुटते. युरोपीय प्रमाण ईएन २५० प्रमाणे थंड पाण्याचे रेग्युलेटर ४ अंशांवर तपासले जातात. ज्यांची तशी तपासणी नाही त्यांच्यावर १० अंशांपेक्षा जास्त अशी खूण असते. तुमच्यावर ती आहे का ते आधी बघा.

काळजी अशी: सिलिंडर भरणारी हवा कोरडी असावी. काठावर उभे राहून रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका, उच्छ्वासातली वाफ सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तोंडाजवळच्या भागात, गोठते. पर्ज बटण (रेग्युलेटरमधून हवा जोरात सोडणारे) दाबून धरू नका. ड्रायसूट आणि बीसीडी एकाच वेळी फुगवू नका, थोड्या थोड्या दाबाने भरा. हवा सुटलीच तर रेग्युलेटर तोंडातून पूर्ण काढू नका. ओठ एका बाजूने सैल ठेवून लागेल तेवढी हवा घ्या, बाकीची निसटू द्या, बडीला खूण करा आणि दोघे वर निघा. बडीच्या ऑक्टोपसवर जाणे जास्त चांगले, पण त्याचाही रेग्युलेटर आता दुप्पट हवा ओढतो आहे आणि तोही गोठू शकतो हे ध्यानात ठेवा. सिलिंडर काही मिनिटांतच रिकामा होतो.

प्रश्न : वय ५४, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आकडा नियंत्रणात असतो. लंडनला मुलीकडे जाणार आहे, ती थंड पाण्यात डाइव्ह करते. मी जावे का? (पाचपाखाडी, ठाणे)

डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून ट्रेडमिलसह तपासणी झाल्याशिवाय नको. गार पाण्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे जाते, रक्तदाब चढतो, त्यात घट्ट सूट आणि लाटांतून पोहण्याचे श्रम. अशा वेळी फुफ्फुसांत पाणी झिरपण्याचा एक प्रकार होतो आणि उच्च रक्तदाब असलेल्या मध्यमवयीन लोकांत त्याचा धोका जास्त असतो. लक्षणे: श्रमाच्या मानाने फार धाप, खोकला, छातीत घुरघुर, कधी गुलाबी फेस. पाण्यात काही तोंडात गेले नसतानाही हे होते, म्हणून लोक रेग्युलेटरला दोष देत खालीच थांबतात. असे वाटले की लगेच वर, पाण्याबाहेर, सूटची चेन सैल, बसते करून ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका. बीटा-ब्लॉकर घेत असाल तर श्रम करायची ताकद कमी होते, तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. ब्रिटनमध्ये ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

प्रश्न : बाहेर आल्यावर थरथर थांबत नाही, तर लगेच गरम पाण्याने अंघोळ करावी का? (खारघर)

लगेच नको. वारा लागणार नाही अशा ठिकाणी ओले काढा, डोके आणि मान आधी कोरडी करा, कोरडे कपडे, टोपी, गोड गरम चहा. दारू नाही. जोरात थरथर चालू आहे तोवर शरीर झुंजते आहे. बोलणे अडखळू लागले, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा थरथर थांबूनही माणूस गोंधळलेला असेल तर त्याला चालवू नका, आडवे ठेवा, गुंडाळा आणि रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : जाण्याआधी इथल्या तरणतलावात काय सराव करता येईल? पाणी तर कोमट असते. (सीबीडी बेलापूर)

बराच. थंड पाणी तुमची बोटे आणि गढूळ पाणी तुमचे डोळे काढून घेते, आणि या दोन्हींचा सराव कोमट पाण्यातही होतो. तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी आणि सोबत इन्स्ट्रक्टर मात्र हवा.

मास्क काढून, नाक उघडे ठेवून, दोन मिनिटे शांतपणे रेग्युलेटरमधून श्वास घ्या. लाटेने मास्क गेला की हेच करायचे आहे. ५ मिमीचे हातमोजे घालून सगळे करा: वजनाचा पट्टा सोडणे आणि लावणे, बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची नळी काढणे, क्लिप उघडणे. लहान क्लिप मोज्यांत धरता येत नाहीत हे इथेच कळेल, मग मोठ्या बसवा. मास्कच्या काचेवर आतून काळा कागद लावून बडीचा ऑक्टोपस हाताने शोधा, तळाला टाकलेली दोरी धरून तलावाची लांबी पार करा. पर्ज बटण दाबून सुटणाऱ्या हवेतून श्वास घ्यायचा सराव उथळ भागात करा.

घरी बादलीत बर्फाचे पाणी करून मोजे घातलेला हात दहा मिनिटे बुडवा आणि मग क्लिप उघडून बघा. अंगठा आणि तर्जनी जवळ येत नाहीत, क्लिप बोटांतून निसटते. पाण्यात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच बारीक कामे उरकावी लागतात ती यामुळेच. मोठ्या टबात गार पाणी घेऊन स्नॉर्कल लावून चेहरा बुडवायचीही सवय करा, शेजारी कुणीतरी उभे हवे. पहिल्या स्पर्शाला श्वास आपोआप भरून येतो, तो मिनिटभरात कसा ताब्यात येतो हे आधीच अनुभवलेले बरे. कंपासचा सराव तर मैदानातच होतो: डोक्यावर टॉवेल घ्या, फक्त कंपास दिसू द्या, ३० पावले चाला, ९० अंश वळा, असे चार वेळा. निघालात त्या चपलांपासून दोन पावलांच्या आत आलात की मग तोच चौकोन तलावात करा.